नागपुरात सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प) ४० वरून ६० केएलडी (१ केएलडी म्हणजे रोज हजार लिटर) करायचाय. जुनी संमती चालेल का?

नाही. जल कायदा १९७४, कलम २५ नुसार वाढीव क्षमतेलाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना-संमती बांधकामाआधीच लागते आणि सुरू करण्यापूर्वी चालवण्याची संमती. अर्ज ऑनलाइन.

फाइल अडते ती बहुधा पाण्याच्या ताळेबंदावर. १०० फ्लॅट, घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोजचे ६७,५०० लिटर. त्याचं ८० टक्के सांडपाणी धरलं तर ५४,०००. हाच आकडा अर्ज, नकाशा आणि डिझाइन रिपोर्टमध्ये सारखा हवा. प्रक्रिया केलेलं पाणी फ्लशिंगला किती, बागेला किती, तेही लिहा. पावसाळ्यात बाग पाणी घेत नाही, मग उरलेलं कुठे? ‘नाल्यात’ एवढंच लिहून भागत नाही. गटारजोडणीची महापालिकेची परवानगी जोडा.