१७७२ सालचा फलंदाज ‘त्रिफळाचीत’ होईल का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमधल्या हॅम्बल्डन गावच्या जुन्या क्रिकेट मैदानावरच्या लेखाचा अनुवाद चालू आहे, त्यात १७७२च्या सामन्यातला फलंदाज ‘त्रिफळाचीत’ झाला असं लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. ‘चीत’ला हरकत नाही, तो कुस्तीच्या आखाड्यातून आलेला आहे आणि पायचीत, यष्टिचीत सगळीकडे बिनतक्रार नांदतो. अडचण ‘त्रि’ची आहे. तेव्हा यष्ट्या दोनच होत्या! १७४४च्या नियमांत त्यांची उंची २२ इंच आणि वर आडवी ठेवायची बेल ६ इंचांची. चेंडू मधल्या फटीतून आरपार गेला आणि बेल पडली नाही, तर फलंदाज नाबाद.

तिसरी यष्टी आली ती १७७५च्या मे महिन्यात लंडनच्या आर्टिलरी मैदानावर जे घडलं त्यामुळे. हॅम्बल्डन आणि केंट यांचे पाच-पाच खेळाडू, हॅम्बल्डनचा शेवटचा गडी जॉन स्मॉल खेळतोय आणि समोर ‘लंपी’ स्टीव्हन्स. लंपीने त्याला चकवलं, पण चेंडू फटीतून निघून गेला, तोही एकदा नव्हे, तीनदा. स्मॉलने सामना जिंकून दिला. गोलंदाजावर हा उघड अन्याय आहे असं जाणत्यांना वाटलं आणि मधली यष्टी आली. म्हणजे आपल्या त्रिफळ्यातलं तिसरं फळ हॅम्बल्डनच्या माणसाच्या नशिबामुळे मिळालं म्हणायचं.

(हॅम्बल्डनला ‘क्रिकेटचा पाळणा’ म्हणतात, ते मला अतिशयोक्त वाटतं. खेळ त्याआधीपासून होता. हॅम्पशायरच्या या गावाने त्याला शिस्त लावली. ब्रॉडहाफपेनी डाउन या मैदानासमोरची ‘बॅट अँड बॉल’ ही खाणावळ-गुत्ता संघाचा कर्णधार रिचर्ड नायरन चालवायचा. ती अजून आहे, मैदानावर १९०८चा ग्रॅनाइटचा स्तंभही आहे.)

तर १७७२साठी ‘दांडी उडाली’ किंवा ‘दांड्या गुल’ लिहा; दांड्या दोन असोत की तीन, शब्दाला फरक पडत नाही. ‘द्विफळाचीत’ मात्र नको, वैद्याच्या पुडीतला तुटवडा वाटतो. आणि मूळ लेखात धावांना ‘नॉच’ म्हटलं असेल, तर एकदा तरी ‘खाच’ येऊ द्या. त्या काळी गुण मोजणारे काठीवर खाचा पाडून हिशेब ठेवत.