प्रोस्टेट कॅन्सरला रेडिएशनचे फक्त ५ सिटिंग पुरतात का, की ३९ घ्यावेच लागतात?

हो, कॅन्सर प्रोस्टेटच्या बाहेर गेलेला नसेल आणि लो किंवा मध्यम रिस्कचा असेल तर ५ पुरतात. पेस-बी ट्रायलमध्ये ८७४ पेशंट होते, निम्म्यांना ५ सिटिंग आणि बाकीच्यांना २० किंवा ३९, ५ वर्षांनी दोन्हीकडे साधारण ९५ टक्के लोकांत कॅन्सर परत आलेला नव्हता (निकाल २०२४ चे). ५ सिटिंगमध्ये दरवेळचा डोस मोठा असतो, आणि तो देता येतो कारण दरवेळी आधी स्कॅन काढून प्रोस्टेट ग्रंथी नेमकी कुठे आहे ते बघतात, नुसत्या गॅसनेही ती काही मिलिमीटर सरकते म्हणून पोट साफ ठेवून यायला सांगतात, ते खरंच मनावर घ्या. फक्त लघवीचा त्रास ५ वाल्यांना थोडा जास्त दिसला, त्यामुळे आधीच लघवी अडत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.