आमच्या शहरानं राज्याच्या विधेयकाला विरोध केला, पण कौन्सिलमध्ये मतदान झालंच नाही. असं कसं चालतं?

तुमचा प्रश्न मी असा समजले: तुम्ही कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका लहान शहरात राहता. घरबांधणीच्या एका विधेयकावर राज्याच्या राजधानीतल्या, म्हणजे सॅक्रमेंटोच्या, विधिमंडळ समितीनं काढलेल्या टिपणात, विरोधकांच्या यादीत, तुमच्या शहराचं नाव दिसलं. तुम्ही सिटी कौन्सिलच्या सगळ्या सभांचे अजेंडे चाळले, पण या विधेयकाचा विषय कुठेच सापडला नाही. मग हा विरोध ठरवला कोणी, आणि हे कायद्याला धरून आहे का?

कायद्याला धरून आहे. आणि तुमच्या कौन्सिलनं बहुधा मतदानही केलं आहे. फक्त ते काही महिने आधी झालं, त्या विधेयकाचं नाव न घेता, कदाचित ते विधेयक जन्माला येण्याआधीच.

बहुतेक शहरं दर वर्षी हिवाळ्यात ‘लेजिस्लेटिव्ह प्लॅटफॉर्म’ नावाचा दस्तऐवज मंजूर करतात. काही ठिकाणी त्याला मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात. त्यात विधेयकांचे क्रमांक नसतात, धोरणाची वाक्यं असतात. जमीनवापराचे निर्णय स्थानिक पातळीवरच राहावेत यासाठीच्या प्रयत्नांना पाठिंबा. राज्यानं पैसे न देता शहरावर टाकलेल्या जबाबदाऱ्यांना विरोध. रस्ते, पाणी, अग्निशमन यांना निधी देणाऱ्या विधेयकांना पाठिंबा. पुढे एक परिच्छेद असतो आणि सगळी मेख तिथेच आहे: या तत्त्वांशी जुळणाऱ्या कोणत्याही विधेयकावर शहराच्या वतीनं पत्र पाठवण्याचा अधिकार महापौरांना किंवा सिटी मॅनेजरला (कौन्सिलनं नेमलेल्या प्रशासन प्रमुखाला) दिला जातो. हा विषय बऱ्याचदा कन्सेंट कॅलेंडरवर येतो, म्हणजे करारांच्या नूतनीकरणांसोबत आणि मागच्या सभेच्या इतिवृत्तासोबत, एकाच मतात, चर्चेविना मंजूर होणाऱ्या विषयांत. मी अनेक वर्षं आमच्या कौन्सिलच्या सभा ऐकते आहे, शहराच्या एका सल्लागार आयोगावर कामही केलं आहे. झाडं तोडण्याच्या परवानगीवर सभागृह भरलेलं पाहिलं आहे. प्लॅटफॉर्मच्या दिवशी बोलायला उठलेला माणूस क्वचितच दिसतो. वर्षभराची बाजू मात्र त्या दिवशी ठरते.

पुढचं काम कर्मचारी करतात. फेब्रुवारीत विधेयकांचा पूर येतो, दोन्ही सभागृहं मिळून वर्षाला दोन हजारांच्या वर. सिटी मॅनेजरच्या कार्यालयातला एखादा विश्लेषक, आणि शहराला परवडत असेल तर सॅक्रमेंटोत कंत्राटावर नेमलेला लॉबिस्ट, ती चाळतो आणि प्रत्येकावर शेरा मारतो: पाठिंबा, विरोध, दुरुस्ती केली तर पाठिंबा, दुरुस्ती न केल्यास विरोध, किंवा नुसतं लक्ष ठेवा. महापौरांची सही होते आणि पत्र विधिमंडळाच्या पोर्टलवर चढतं.

ही व्यवस्था लपवाछपवीसाठी केलेली नाही, ती वेळेच्या अडचणीतून आली आहे. कॅलिफोर्नियाच्या ब्राउन कायद्यानुसार (स्थानिक संस्थांच्या सभा जनतेला खुल्या ठेवणारा, १९५३ चा) नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, आणि लहान शहरांची कौन्सिल साधारण महिन्यातून दोनदा भरते. तिकडे समितीची सुनावणी पुढच्या आठवड्यात असते. टिपणात शहराचं नाव यायचं तर पत्र काही दिवस आधी पोचलं पाहिजे. मधेच विधेयकात दुरुस्त्या होतात, कधी तर आतला सगळा मजकूर काढून दुसराच घातला जातो. २०१६ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन ५४’ नंतर अंतिम मजकूर मतदानाच्या ७२ तास आधी जाहीर करावा लागतो, पण तेवढ्यात कौन्सिलची सभा बोलावणं कठीणच.

मोठ्या शहरांची रीत वेगळी आहे. लॉस एंजेलिसमध्ये विधेयकागणिक ठराव मांडला जातो. चीफ लेजिस्लेटिव्ह अॅनालिस्टचं कार्यालय त्यावर अहवाल देतं, समितीत चर्चा होते, मग पूर्ण कौन्सिल मतदान करते आणि महापौरांच्या सहमतीनं ती भूमिका शहराच्या राज्यविषयक कार्यक्रमात घातली जाते. तिथे कोणी कसं मत दिलं ते कुणालाही वाचता येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये, रेल्वे आणि मोठ्या बस थांब्यांजवळ उंच इमारतींना परवानगी देणाऱ्या ‘एसबी ७९’ (सेनेट बिल ७९) या विधेयकाला त्या कौन्सिलनं ८ विरुद्ध ५ मतांनी विरोध केला. पाच जण उघडपणे दुसऱ्या बाजूला होते हे नागरिकांना कळलं. लहान शहराच्या पत्रात ही फूट कधीच दिसत नाही, आणि माझा खरा आक्षेप त्यालाच आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत तर एकाच शहराच्या दोन भूमिका झाल्या होत्या. एप्रिल २०१९ मध्ये वाहतूक थांब्यांजवळ दाट घरबांधणीला परवानगी देऊ पाहणाऱ्या, सेनेटर स्कॉट विनर यांच्या ‘एसबी ५०’ विरुद्ध बोर्ड ऑफ सुपरवायझर्सनं (तिथल्या कौन्सिलनं) ९ विरुद्ध २ मतांनी ठराव केला, आणि महापौर लंडन ब्रीड मात्र त्या विधेयकाच्या बाजूनं होत्या. वाचणाऱ्या आमदारानं काय समजावं? बोर्डाचं एक, महापौरांचं एक. मला यात काही वाईट वाटत नाही. शहरात मतभेद होते आणि ते वर दिसले.

या पत्रांनी काही फरक पडतो का, हेही तुम्ही विचारलं आहे. एकट्या पत्रानं विधेयक पडत नाही. ‘एसबी ७९’ ला लॉस एंजेलिसच्या कौन्सिलचा विरोध होता, महापौर कॅरन बास यांनी नकाराधिकार वापरण्याची विनंती केली होती, तरी गव्हर्नर न्यूसम यांनी १० ऑक्टोबर २०२५ ला त्यावर सही केली. ‘एसबी ५०’ मात्र जानेवारी २०२० मध्ये सेनेटमध्ये पडलं. बाजूनं १८, विरोधात १५, आणि हवी होती २१. लॉस एंजेलिस परिसरातल्या अनेक सेनेटरांनी साथ दिली नव्हती. आपल्या मतदारसंघातली शहरं काय म्हणतात, हे आमदाराला टाळता येत नाही. पत्राचं वजन तिथे असतं, आणि तेही त्यात स्थानिक माहिती असेल तर: आमच्या सांडपाणी केंद्राची क्षमता इतकी, या कलमामुळे आमच्या शुल्कात इतकी तूट, अमुक शब्द बदललात तर आमचा विरोध नाही. अशा पत्रावर समितीचे सल्लागार फोन करतात. लीग ऑफ कॅलिफोर्निया सिटीज ही १८९८ पासूनची शहरांची संघटना सदस्यांना पत्रांचे नमुने पुरवते. पुष्कळ लहान शहरं त्यात फक्त आपलं नाव भरून पाठवतात. हजारो रहिवाशांच्या नावानं जाणारं पत्र असं नुसतं नाव भरून जाऊ नये, असं मला कळकळीनं वाटतं.

शहरानं बोलूच नये, असं मात्र मी म्हणणार नाही. राज्याचा सरकारी कायदा, कलम ५००२३, कौन्सिलला विधिमंडळापुढे आपली बाजू मांडायची मोकळीक देतो. (निवडणुकीत जनतेपुढे आलेल्या प्रस्तावाची गोष्ट निराळी. तिथे सरकारी पैशानं प्रचार करता येत नाही, हे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७६ मध्येच स्पष्ट केलं आहे.) या मोकळिकीचं मोल पुण्या-मुंबईकडे पाहिलं की कळतं. पुण्यासारख्या महापालिकेनं ठराव करून शासनाकडे पाठवला तरी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली शासन तो ठराव विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. आणि मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तर दोन्ही शहरांत नगरसेवकच नव्हते, कारभार शासनानं नेमलेल्या प्रशासकाकडे होता. राज्याच्या एखाद्या विधेयकावर शहर म्हणून बोलायला निवडून आलेलं कुणी नव्हतंच.

आता तुम्ही काय करू शकता ते. सिटी क्लार्कला (शहराचे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) लिहून दोन गोष्टी मागा: चालू वर्षाचा प्लॅटफॉर्म आणि ते पत्र. दोन्ही सार्वजनिक कागद आहेत. पत्रात प्लॅटफॉर्मचं कोणतं वाक्य आधार म्हणून घेतलं आहे ते शोधा. आधार ओढूनताणून आणला असेल तर तेवढंच कौन्सिलच्या सभेत, अजेंड्याबाहेरच्या विषयांसाठी ठेवलेल्या वेळेत, शांतपणे वाचून दाखवा. मी हे होताना पाहिलं आहे. पुढच्या सभेत कर्मचाऱ्यांना खुलासा द्यावा लागला.

पुढच्या हिवाळ्यात प्लॅटफॉर्म आला की एखाद्या कौन्सिल सदस्याला तो विषय कन्सेंट कॅलेंडरवरून वेगळा काढायला सांगा, आणि त्यात दोन वाक्यं घालायची मागणी करा. पाठवलेलं प्रत्येक पत्र पुढच्या सभेच्या कागदांत जोडावं. आणि दोन सदस्यांनी मागणी केली तर ते विधेयक पूर्ण कौन्सिलपुढे यावं. दुसरी मागणी जास्त महत्त्वाची आहे. घरांसारख्या विषयावर शहर दुभंगलेलं असताना एका सहीनं पत्र जाणं मला मान्य नाही, मग ते माझ्या मताच्या बाजूचं का असेना.

शेवटी तुम्ही ‘मी अजून एच-१बी वर आहे, मला बोलता येईल का’ असं विचारलंत. येईल. आपल्या मराठी मंडळींत हा संकोच फार आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. सभेत बोलायला नागरिकत्व लागत नाही, मतदार असणं लागत नाही. सभेला हजर राहण्यासाठी नाव-पत्ता नोंदवायची सक्तीही ब्राउन कायद्यानं करता येत नाही. सॅक्रमेंटोच्या समितीसमोरही मुख्य साक्षीदारांनंतर कुणीही उभं राहून आपलं नाव, गाव आणि बाजू सांगू शकतं. विधिमंडळाच्या त्याच पोर्टलवरून तुमचं स्वतःचं पत्रही पाठवता येतं. तुमचं विधेयक अजून दुसऱ्या सभागृहाच्या समितीत जायचं असेल, तर ते पत्र आत्ताच लिहायला घ्या.