पोरगं बिघडलंय की वाढतंय? पीटीच्या तासाची प्रश्नोत्तरे

या वेळी प्रश्न भरपूर आलेत अन् लिहिणारे वेगवेगळे असले तरी बहुतेकांची तक्रार एकच आहे, की सहावी-सातवीपर्यंत पोरगं मस्त खेळायचं, आता काय झालंय तेच कळत नाही. मी बरीच वर्षं शाळेत पीटीचा सर होतो, क्रीडा मानसशास्त्र नंतर शिकलो, त्यामुळे उत्तरांत मैदानावरची धूळ जरा जास्तच असणार, चालवून घ्या. नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा साडेतेरा वर्षांचा आहे, खो-खो खेळतो. मागच्या वर्षी टीममधला सगळ्यात चपळ पोरगा हाच. यंदा पळताना पाय अडकतात, खांबावर सूर मारायला जातो अन् हात पोचतच नाही. सर म्हणतात लक्ष मोबाईलमध्ये आहे. आता तो म्हणतो खेळायचंच नाही. मोबाईल काढून घेऊ का? (एक आई, सातारा जिल्हा)

ताई, मोबाईलचं नंतर बघू, आधी घरात शिवणकामाची टेप असेल ती काढा आणि पोराला दाराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खूण करा, शेजारी तारीख लिहा. दर दोन-तीन महिन्यांनी परत. आणि मला सांगा, गेल्या वर्षभरात पँटी आखूड झाल्या का, बुटाचा नंबर वाढला का? माझी पैज आहे की झालंय. मुलांमध्ये साधारण साडेतेरा-चौदाच्या आसपास उंची सगळ्यात जोरात वाढते, भराच्या वर्षात ९-१० सेंटीमीटरसुद्धा. मुलींचं हे दोनेक वर्षं आधीच होऊन जातं. त्यातही गंमत अशी की आधी पावलं आणि पाय लांबतात, धड मागून येतं, आणि अंगात ताकद तर त्याच्याही नंतर काही महिन्यांनी भरते. म्हणजे काल स्कूटी चालवणाऱ्याच्या हातात आज एसटी दिली अन् म्हणालो की त्याच गल्लीतून तशीच काढ. सूर कुठून मारायचा, वळताना पाय किती टाकायचा याचा त्याचा सगळा अंदाज जुन्या मापाचा आहे, तो बसेपर्यंत ठेचकाळणारच. लक्ष असलं तरी ठेचकाळणार.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, चूक करून शिकलोय. आमच्या शाळेत एक पोरगा अचानक उड्या मारायला टाळाटाळ करायला लागला, मी त्याला पोरांदेखत आळशी म्हणालो अन् दोन राउंड जास्त मारायला लावले. महिन्याभराने त्याच्या वडिलांनी डॉक्टरांचा कागद आणला, गुडघ्याच्या वाटीखाली जिथे मांडीचा स्नायू नळीच्या हाडाला धरतो तिथे सूज होती, ऑसगुड-श्लाटर म्हणतात त्याला. वाढत्या वयात उड्या-धावणं जास्त झालं की होतं आणि वाढ थांबली की बहुतेकांचं आपोआप जातं, पण तोवर दुखतं. पोरगं सांगत का नव्हतं? कारण सांगितलं तर टीममधून काढतील ही भीती. तो कागद बघून मला जी लाज वाटली ती अजून आठवते.

तर पुढचे सहा-आठ महिने त्याच्या सरांना एवढंच सांगा की राउंड आणि उड्या कमी करा, त्याऐवजी तोल, वळणं, हुलकावणी हे सगळं हळू वेगात परत बसवून घ्या, मॅचमध्ये थोडा वेळच पळवा. गुडघा किंवा टाच बोट ठेवल्यावर दुखत असेल तर डॉक्टर. आणि पोराला खूण दाखवून सांगा की तू बिघडला नाहीस, लांब झालायस. या वयातली पोरं खेळ सोडतात ती बऱ्याचदा खेळाला कंटाळून नाही, तर "मला आता येत नाही" असं मनाशी ठरवून टाकल्यामुळे.

प्रश्न : मी मुलींची पीटी घेते. आठवीपर्यंत सगळ्या पळतात, नववीत निम्म्याहून जास्त मुली झाडाखाली बसून. रोज कुणाचं तरी पोट दुखतंय. ओरडून झालं, मार्क कापून झाले. (शारीरिक शिक्षण शिक्षिका, यवतमाळ)

मॅडम, तुमच्या शाळेपुरता हा प्रश्न नाहीये. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते, आणि जगभरच्या शाळकरी पोरांचा त्यांचाच २०१६ पर्यंतचा हिशोब बघितला तर ११ ते १७ वयातल्या ८५ टक्के मुली तेवढी करत नाहीत. मुलगेही काही मोठे दिवे लावत नाहीत म्हणा, ७८ टक्के.

पण तुमच्या मैदानावर काय चाललंय ते तुम्हीच शोधू शकता. एक दिवस शिट्टी बाजूला ठेवून त्या झाडाखाली जाऊन बसा अन् फक्त ऐका. मला जे ऐकायला मिळालं ते सांगतो: पीटीचा ड्रेस पांढरा आहे आणि डाग पडायची भीती आहे, धावताना छाती हलते आणि शेजारच्या मैदानावरची पोरं कॉमेंट मारतात, बाथरूमला पाणी नाही, पॅड टाकायला डबा नाही, ओढणी सांभाळत पळायचं कसं. यातलं एकही कारण मानसिक दुबळेपणाचं नाही, सगळी कारणं हेडसरांच्या टेबलावर सुटणारी आहेत. गडद रंगाची ट्रॅकपँट, मुलींचा तास मुलांच्या तासापासून वेगळा, बाथरूमला कडी. इथून सुरुवात करा. आतून घालायच्या स्पोर्ट्स ब्राबद्दल मुलींशी मोकळेपणी बोला, घरी कुणी सांगत नाही हो, आईलाच माहिती नसतं.

पाळीचं म्हणाल तर पूर्ण सूट पण नको आणि जबरदस्ती पण नको. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मीराबाई चानू पदक हुकल्यावर उघडपणे बोलली होती की पाळीचा तिसरा दिवस होता. एवढी मोठी खेळाडू कॅमेऱ्यासमोर बोलते तर नववीच्या वर्गात पण बोलता येईल. ज्या दिवशी जास्त त्रास असेल त्या दिवशी चालणं, स्ट्रेचिंग, स्कोअर लिहिणं असं काहीतरी, पण ती मैदानावर असावी, झाडाखाली नाही.

आणि एक, जी मुलगी खरंच लगेच दमते, जिना चढून धापा टाकते तिचं हिमोग्लोबिन बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी निघालं होतं. आठवड्याची ती निळी लोहाची गोळी शाळेत येते ना, ती पोरी खरंच गिळतात की खिडकीतून फेकतात हे एकदा बघाच.

काय खेळायचं हे महिन्यातून दोन तास त्यांनाच ठरवू द्या. लेझीम म्हणाल्या तर लेझीम, झुंबा म्हणाल्या तर झुंबा. आणि मार्क कापणं थांबवा, त्याने मुलगी मैदानावर येत नाही, खोटी चिठ्ठी आणते.

प्रश्न : सर मी दहावीत आहे, कबड्डी खेळतो, रेडर आहे. प्रॅक्टिसला मला कोणी धरू शकत नाही पण मॅचमध्ये डू ऑर डाय रेड आली की पाय जड होतात, काहीच सुचत नाही, निदान रेषा (समोरच्या कोर्टातली बॉक लाइन) ओलांडून कसाबसा परत येतो आणि आउट. सगळे म्हणतात डरपोक. (रत्नागिरी)

अरे डरपोक असतास तर पुढच्या रेडला गेलाच नसतास. तुझ्या अंगात काय होतं ते आधी समजून घे. दोन रेड रिकाम्या गेल्या, आता पॉइंट आणला नाही तर बाद, बाहेर अख्खं गाव ओरडतंय, मग छाती धडधडते, हात गार पडतात. हे सगळ्यांचं होतं आणि थोडं होणं चांगलंच असतं, १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलेलं की उत्तेजना वाढली की एका मर्यादेपर्यंत काम सुधारतं आणि त्याच्या पुढे, विशेषतः काम अवघड असलं तर, बिघडतं. तू त्या मर्यादेच्या पुढे जातोस एवढंच. आणि त्यात तू अजून एक करतोस, मी न बघता सांगतो, जो पाय प्रॅक्टिसला आपोआप पडतो तो मॅचमध्ये तू विचार करून टाकायला जातोस. जिना उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करून बघ, धडपडशील.

म्हणून ३० सेकंदांच्या त्या रेडआधी स्वतःचा एक ठरलेला क्रम पाहिजे. राफेल नदाल पाण्याच्या बाटल्या लेबलं एका दिशेला करून मांडायचा, लोक हसायचे, पण ती त्याची डोकं जागेवर आणायची रीत होती. तुझी साधी असू दे: मध्यरेषेआधी नाकातून श्वास, मग तोंडातून सावकाश लांब श्वास सोडायचा, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ, असं दोनदा. मग तळवे मातीला किंवा मॅटला घासायचे. मग मनात एकच शब्द, "कोपरा" म्हण, "उजवा" म्हण, जिथे जायचं ते, "आउट व्हायचं नाही" असं अजिबात नाही, कारण मग डोक्यात आउटच फिरत राहतं. हे तीन आठवडे प्रॅक्टिसच्या प्रत्येक रेडला करायचं, फक्त मॅचला केलंस तर उपयोग शून्य. आणि कोचना सांग की प्रॅक्टिसमध्ये पण डू ऑर डाय लावा, बाकीच्या पोरांना बाजूला उभं करून बोंबलायला लावा, हरणाऱ्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा. दबावाची सवय दबावातच होते.

झोप किती घेतोस ते तू लिहिलं नाहीस. तुझ्या वयाला ८ ते १० तास लागतात, आणि या वयात झोप उशिरा येते हा शरीराचाच बदल आहे, सगळा आळस नाही. रीलमुळे त्यात अजून दोन तास घालू नकोस.

प्रश्न : दहावीचं वर्ष आहे, मुलीचं बॅडमिंटन बंद केलं तर चालेल ना? (ठाणे)

नाही. कमी करा, बंद नको. तीन दिवस, तासभर. एकदम बंद केलंत तर मोकळा झालेला तास अभ्यासाला जात नाही, पलंगावर जातो, हे मी इतक्या घरांत बघितलंय की त्यावर वाद घालायचा मला कंटाळा आलाय.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांखालील फुटबॉल खेळतो, टेक्निक उत्तम, पण सिलेक्शनला "लहान आहे" म्हणून काढलं. डिसेंबरचा जन्म आहे. मनाने पार खचलाय. (एक बाबा, म्हापसा)

तारीख तुम्ही सांगितलीत तिथेच अर्धं उत्तर आहे. वयोगटाची कट-ऑफ १ जानेवारी धरली तर जानेवारीचा पोरगा आणि तुमचा डिसेंबरचा एकाच गटात, अंतर जवळपास वर्षाचं. १९८५ मध्ये कॅनडात आइस हॉकीच्या संघांचे जन्ममहिने मोजले तेव्हा वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतली पोरं भरमसाट निघाली. त्यात दाढीमिशा लवकर फुटणारा पोरगा समोर आला की संपलंच, निवडणारे ताकदीला टॅलेंट समजतात. इंग्लंडमधल्या काही अकादम्यांनी यावर उपाय म्हणून पोरांना वयाऐवजी शरीराच्या वाढीप्रमाणे गट करून खेळवून बघितलं, आपल्याकडे ते कधी होईल देव जाणे.

त्याला "पुढच्या वर्षी नक्की" असं खोटं आश्वासन देऊ नका. सांगा की यादी आजच्या अंगाची होती. आमच्या बीडचा अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात गेला, स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायची शर्यत) त्यानंतर धरली आणि २०२२ च्या राष्ट्रकुलला ८ मिनिटं ११.२० सेकंदात रौप्य आणलं. सगळेच अविनाश होत नाहीत हे मलाही कळतं, पण तेराव्या वर्षीच्या यादीत नाव नसणं म्हणजे दार बंद नाही. तोवर त्याला खेळायला मिळेल असा क्लब बघा, मोठ्या टीमच्या बाकावर बसण्यापेक्षा लहान टीममध्ये ९० टक्के वेळ मैदानावर असलेला बरा.

प्रश्न : पुतण्या पंधरा वर्षांचा, तालमीत आहे. स्पर्धेआधी वस्ताद तीन-चार किलो वजन उतरवायला लावतात, दोन दिवस पाणी बंद, प्लास्टिकचा सूट घालून पळवतात. पोरगा चिडचिडा झालाय, कुणाशी बोलत नाही. हे मनाचं आहे का? (कोल्हापूर)

काका, हे पाण्याचं आहे. तहानलेला, उपाशी माणूस चिडतोच, त्याला मानसशास्त्रज्ञ कशाला पाहिजे. अमेरिकेत १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन कॉलेजचे पैलवान याच पद्धतीने वजन उतरवताना मेले, त्यानंतर तिथे कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना बंद केले. विनेश फोगाटचं पॅरिसला १०० ग्रॅम वजन जास्त भरल्याचं प्रकरण आपण सगळ्यांनी बघितलं, आणि ती तर अनुभवी बाई, मागे डॉक्टर-डाएटिशियनची टीम. पंधराव्या वर्षी पोराचं शरीर हाड घालतंय, मांस घालतंय, त्याच वेळी तुम्ही त्याच्याकडून किलो मागताय.

वस्तादांशी भांडू नका, तालमीत भांडून पोराचंच नुकसान होतं. मान ठेवून सांगा की यंदा हा वरच्या वजनगटात खेळेल, हरला तर हरला. खुराक आणि पाणी चालू. ऐकलं नाही तर तालीम बदला, यात मी मधला मार्ग सांगणार नाही. पाणी-जेवण नीट सुरू करूनही दोन-तीन आठवडे तो गप्पच राहिला, मित्र सोडले, मरणाचं काही बोलला, तर एक दिवसही थांबू नका, डॉक्टरकडे न्या किंवा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी जाड आहे. पीटीला टीम पाडताना कॅप्टन मला सगळ्यात शेवटी घेतात आणि घेताना हसतात. मी आता पीटीच्या दिवशी शाळेत जात नाही. (सातवी, गाव लिहिलेलं नाही)

बाळा, ही टीम पाडायची पद्धत चुकीची आहे, तू नाहीस. सरांनी एक-दोन-एक-दोन मोजून टीम पाडल्या तर शेवटी कुणीच राहत नाही. दहा सेकंदांचं काम आहे. तू सांगायला लाजत असशील तर आई-बाबांना हा कागद सरांकडे द्यायला सांग, म्हणजे सरांनाच वाचू दे.

सर, वाचताय ना? मग उद्यापासून मोजा. आणि त्याला पळायच्या शर्यतीत सगळ्यांसमोर शेवटी येताना उभं करण्यापेक्षा एकदा गोळा हातात देऊन बघा, रस्सीखेचला शेवटच्या टोकाला उभं करून बघा.