डॅबल म्हणजे हात घालणं नव्हे, पाय बुचकळणं

खानापूरच्या ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझे निपाणीचे दिवस आठवले. १२ वर्षं ब्लाउज शिवताय आणि कर्जाच्या अर्जात 'आय डॅबल इन टेलरिंग' लिहू का म्हणून विचारताय, कारण शब्दकोशाच्या ॲपमध्ये डॅबल (dabble) या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'हात घालणे' असा दिलाय. लिहू नका. एवढंच वाचून गेलात तरी चालेल.

मी हेच केलेलं. निपाणीत तंबाखूच्या वखारीत ६ वर्षं हिशेब बघितला, रोजकीर्द, खतावणी, जीएसटीचं रिटर्न, सगळं एकटा. मग बेळगावात एका ठिकाणी (नाव घेत नाही, अजून तिथं काम पडतं) अकाउंटंटची जागा निघाली. आपण म्हणतो ना अमक्यानं मोठ्या कामात हात घातला, तसं भारदस्त वाटावं म्हणून लिहिलं 'डॅबल्ड इन अकाउंट्स फॉर सिक्स इयर्स'. मुलाखतीतले साहेब चष्मा वर करून म्हणाले, सहा वर्षं नुसता टाइमपास केला काय? बाकीचे दोघं हसले. मला कळेचना काय चुकलं ते.

घरी येऊन बघितलं तर हा शब्द मुळात पाण्यातला. काठावर बसून पाय पाण्यात हलवत बसायचं, पाणी उडवायचं, ते डॅबल. तळ्यावर हळदी-कुंकू बदक बघितलंय न्हवं, काळ्या चोचीचं टोक पिवळं असतंय ते? ते खोल बुडी मारत नाही, शेपूट वर करून उथळ पाण्यातच चरतंय. असल्या बदकांना इंग्रजीत डॅबलिंग डक म्हणतात, बुडी मारणाऱ्यांना डायव्हिंग डक. माणसाला लावलं तरी अर्थ तोच, वरवर, अधूनमधून, खोलात न जाता. ६ वर्षं मी तळाला होतो आणि अर्जात मात्र बदक झालो.

आणि शब्द बदलून द्या म्हणून परत गेलो तर खरी मजा. पहिल्या दिवशी क्लार्क नाही. दुसऱ्या दिवशी क्लार्क आहे खरं साहेब नाहीत. तिसऱ्यांदा सांगितलं ॲफिडेव्हिट करून आणा. एका शब्दाला ॲफिडेव्हिट! स्टॅम्पपेपर घेऊन चौथ्यांदा गेलो तर यादी लागलेली. दर खेपेला निपाणीहून बस धरायची आणि मालकाकडं नवीन खोटं कारण सांगायचं. जाऊदे.

माझ्या मते (मी इंग्रजीचा मास्तर नव्हे, बी.कॉम. आहे) मराठीत याला सगळ्यात जवळचं म्हणजे 'तोंडी लावण्यापुरतं करणं'. लुडबुड म्हणू नका, त्यात दुसऱ्याला त्रास असतो, डॅबलमध्ये तसा नसतोय. हौशीपण नव्हे, हौशी नाटकवाले महिना महिना तालमी करतात, त्यांना डॅबलर म्हटलं तर मारतील. स्वतःबद्दल बोलताना चालतंय, 'आय डॅबल इन पेंटिंग' म्हटलं की नम्रपणा दिसतो. तेच दुसऱ्याबद्दल बोललात तर टोमणा होतो. आणि या अर्थानं वापरताना पुढं 'इन' लावा, नुसतं 'डॅबल पेंटिंग' होत नाही. फोनवर तर हा शब्द बोलूच नका, निम्म्या लोकांना 'डबल' ऐकू येतंय.

तुम्ही सरळ लिहा, 'टेलर, ट्वेल्व्ह इयर्स'. मधे कधी केकचे ऑर्डर घेतले म्हणालात, तिथं डॅबल बसेल, खरं कर्जाच्या अर्जात केक कशाला? आणि अर्ज देण्याआधी झेरॉक्स काढा, त्यावर शिक्का मारून पोच घ्या. माझ्याकडं नव्हती, म्हणून दर खेपेला 'तुम्ही काय लिहिलंय ते आम्हाला काय माहीत' हेच ऐकलं.