भाड्याच्या गाडीचं बिल तीन आठवड्यांनी आलं, पण बिलातली गाडी तुम्ही चालवलेलीच आहे का?

नमस्कार ताई,

तुमचा मेल आणि सोबतची कागदपत्रं नीट वाचली. बाकीच्यांनाही कळावं म्हणून प्रकरण थोडक्यात सांगतो. तुम्ही चार दिवसांसाठी सेल्फ ड्राइव्ह गाडी बुक केली, ऐनवेळी "ती सर्व्हिसिंगला गेलीय" म्हणून त्याच मॉडेलची त्याच रंगाची दुसरी गाडी दिली, परत करताना यार्डमधल्या मुलाने फिरून फोटो काढले, ओके म्हणाला आणि किल्ली घेतली. तीन आठवड्यांनी मेल आला की क्लच प्लेट जळालीय, शिवाय पुढचा डावा टायर तुम्ही बदलून जुना लावलाय, म्हणून डिपॉझिट जप्त आणि वर आणखी रक्कम भरा. तुमचा प्रश्न असा की "मी गाडी नीट चालवली हे आता कसं सिद्ध करू?"

ताई, तिथून सुरुवातच करू नका. तुम्ही गाडी कशी चालवली हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न कंपनीला विचारायचा, की ज्या गाडीचं बिल पाठवलंय ती मी घेतलेलीच गाडी आहे का, आणि हे नुकसान ती माझ्या ताब्यात असतानाच झालं हे कशावरून?

मी हे का म्हणतोय ते तुमच्याच कागदांत आहे. करारावर पहिल्या, म्हणजे बुक केलेल्या गाडीचा नंबर आहे. हँडओव्हरच्या, म्हणजे गाडी ताब्यात घेतानाच्या फोटोत दुसऱ्या गाडीचा नंबर दिसतो. आणि बिलावर नंबरच नाही, फक्त चॅसी नंबरचे शेवटचे सहा आकडे आणि कंपनीचा स्वतःचा एक कोड आहे. म्हणजे तीन कागद आणि तीन वेगळ्या ओळखी, आणि त्या एकाच गाडीच्या आहेत असं कुठेही लिहिलेलं नाही!

या कंपन्यांकडे एकसारख्या दिसणाऱ्या पुष्कळ गाड्या असतात त्यामुळे रंग-मॉडेलवर काहीच ठरत नाही. सरकारदरबारी ओळख नंबर प्लेटची आणि चॅसी नंबरची. आजकालच्या गाड्यांचा चॅसी नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरतच नाहीत कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. पहिली तीन अक्षरं गाडी बनवणाऱ्याची आणि शेवटचा भाग त्या एका गाडीचा अनुक्रम. तो गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला असतो, आरसीवर असतो आणि पॉलिसीवरही असतो. यार्डमध्ये मात्र एवढं सगळं कोण वाचत बसणार, तिथे कामापुरता कंपनीचा कोड, किल्लीला लावलेला टॅग किंवा काचेवरचा स्टिकर चालतो, आणि गाडीत बसवलेल्या जीपीएस डिव्हाइसचा वेगळा नंबर सॉफ्टवेअरमध्ये त्या गाडीच्या नावावर जोडलेला असतो. गडबड होते ती इथेच. ऐनवेळी गाडी बदलली आणि सिस्टिममध्ये बुकिंग जुन्याच गाडीवर राहिलं, किंवा डिव्हाइस एका गाडीतून काढून दुसरीत लावलं आणि नोंद बदलली नाही, तर रेकॉर्ड एका गाडीचं आणि बिल दुसऱ्याच माणसाला. कंपनीने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण चूक झालेली नाही हे दाखवायचं काम त्यांचं आहे.

तुमच्या बाजूने एक चांगला पुरावा कंपनीकडेच पडून आहे, तो म्हणजे फास्टॅग. टोलचे पैसे त्यांनी तुमच्याकडून वसूल केलेत ना, मग त्या व्यवहारांचं स्टेटमेंट गाडी नंबरसकट मागा. त्या चार दिवसांत तुम्ही ज्या टोलवरून गेलात तिथे कुठल्या गाडीचा टॅग वाचला गेला ते त्यात दिसेल.

आता मेंटेनन्सकडे येतो, कारण गाडी तीच निघाली तरी खरी लढाई इथे आहे. क्लच हा झिजणारा पार्ट आहे, ब्रेक पॅडसारखाच. भाड्याच्या गाडीत रोज नवा माणूस, रोज नवा पाय, त्यामुळे तो लवकरच जातो. पण हेही स्पष्ट सांगतो की घाटात हाफ क्लचवर गाडी रेटली तर एका दिवसातही क्लच जळू शकतो. तेव्हा तुमच्या हातून तसं काही झालं असेल, जळका वास आला असेल, तर मला आणि पुढे ग्राहक आयोगाला खरं ते सांगा, खोटं बोलून जिंकण्याइतकं हे प्रकरण मोठं नाही आणि जीपीएसच्या रेकॉर्डमध्ये खोटं सापडतं.

कंपनीकडून मागायचं ते गॅरेजचं जॉब कार्ड, नुसतं बिल नको. जॉब कार्डवर तारीख, चॅसी नंबर आणि किमी रीडिंग असतं. तुम्ही गाडी परत केली तेव्हाचं रीडिंग तुमच्या फोटोत आहे, शाब्बास, कारण बहुतेक लोक तो फोटो काढतच नाहीत. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. जॉब कार्डवरचं रीडिंग शंभर-दोनशे किमीने जरी जास्त असेल तरी मधल्या तीन आठवड्यांत गाडी कोणीतरी चालवलीय, आणि जळालेल्या क्लचची गाडी भाड्याने कशी काय जात होती याचं उत्तर कंपनीला द्यावं लागेल. सोबत मागची सर्व्हिस हिस्टरी मागा, क्लच शेवटचा कधी बदलला, आधीच्या ग्राहकांनी क्लचची तक्रार केली होती का.

टायरचा आरोप मला जास्त गंभीर वाटतो कारण तो सरळ चोरीचा आरोप आहे. त्यावर शांतपणे एवढंच विचारा की तुमच्या रेकॉर्डमध्ये त्या टायरचा सिरियल नंबर काय होता? टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २३२१ असेल तर २०२१ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. ज्या कंपनीकडे टायरचे नंबर लिहून ठेवलेले असतात ती बदललेला टायर दाखवू शकते. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी "पुढचा डावा" म्हणण्याला काय अर्थ, सर्व्हिसिंगमध्ये टायर रोटेशन करतात तेव्हा पुढचा मागे जातो आणि मागचा पुढे येतो! हँडओव्हरचा तुमचा फोटो मोठा करून बघा, कोड दिसला आणि तो आताच्या टायरशी जुळला तर हा मुद्दा तिथेच संपला.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. भाड्याने वस्तू देणं म्हणजे भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे निक्षेप (बेलमेंट), म्हणजे परत करण्याच्या अटीवर वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देणं. कलम १५१ नुसार तुम्ही सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यायची, त्याहून जास्त नाही. कलम १५० अजून महत्त्वाचं, त्याप्रमाणे वस्तू भाड्याने दिली असेल तर तिच्यातल्या दोषामुळे घेणाऱ्याचं नुकसान झाल्यास देणारा जबाबदार, त्याला तो दोष माहीत असो वा नसो. म्हणजे "आम्हाला क्लचचं माहीत नव्हतं" हा तिथे बचाव नाही. मात्र एक धोका ओळखून ठेवा. नुकसान तुमच्या ताब्यात असताना झालं हे एकदा दिसलं की काळजी घेतली हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणूनच मी सुरुवातीपासून गाडीची ओळख आणि किमी रीडिंग धरून बसलोय.

"सर्व नुकसानाला ग्राहक जबाबदार" हे कराराचं वाक्य आहे, ते मी वाचलं. तरीही वाटेल ती रक्कम लावता येत नाही, कलम ७३ आणि ७४ प्रमाणे भरपाई प्रत्यक्ष नुकसानाची आणि वाजवीच हवी. अर्धा झिजलेल्या क्लचच्या जागी नवा कोरा बसवून त्याचे पूर्ण पैसे तुमच्याकडून घेणं मला तरी पटत नाही. विमा कंपनीकडे याच दुरुस्तीचा क्लेम केलाय का तेही लेखी विचारा.

आता करायचं काय. आधी एक लेखी नोटीस, स्पीड पोस्टाने आणि मेलने, १५ दिवसांची मुदत देऊन, वर सांगितलेले सगळे कागद मागा. फोनवर काही कबूल करू नका, "बघू, थोडं कमी करा" हे सुद्धा नको. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, कधीकधी तेवढ्याने डिपॉझिट परत येतं. नाही आलं तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस दुसऱ्या शहरात असलं तरी. मुदत दोन वर्षांची. तक्रार "सेवेतील त्रुटी" म्हणून मांडा. करार अन्यायकारक आहे असं म्हणायला गेलात तर ते प्रकरण राज्य आयोगाकडे जातं, आणि एवढ्या रकमेसाठी तो फेरा नको.

फोटो ज्या फोनने काढले तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या कॉपीत फोटोची मूळ तारीख-वेळेची माहिती राहत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्याचा मसुदा वकील करून देईल, पण मूळ फाइल तुमच्याकडेच हवी.

आणि नोटीस गेल्यावर कंपनी बहुतेक अर्धं डिपॉझिट परत द्यायची ऑफर देईल. घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण घेण्याआधी सोबतच्या मेलमध्ये किंवा अ‍ॅपवर "फुल अँड फायनल सेटलमेंट" असं काही लिहिलंय का ते बघा, आणि असेल तर मला दाखवल्याशिवाय अ‍ॅक्सेप्ट दाबू नका.