वडिलांच्या गालाच्या कॅन्सरला छातीचा फ्लॅप लावणार आहेत. नागपूरचे नातेवाईक मांडीचा लावा म्हणतात. तो जास्त चांगला असतो का?

नागपूरच्या नातेवाइकांनी फोनवर ‘छातीचं आता कोणी लावत नाही, मांडीचं लावतात’ असं सांगितलं आणि तुम्ही घाबरलात, असं प्रश्नावरून दिसतं. हेच वाक्य शहरातल्या सर्जन मित्रांकडून कॉन्फरन्सच्या चहावर इतक्यांदा ऐकलंय की उत्तर जरा लांबेल.

फ्लॅप म्हणजे कॅन्सर काढल्यावरचा खड्डा भरायला शरीराच्या दुसऱ्या भागातून आणलेलं मांस-कातडी. छातीचा फ्लॅप, डॉक्टरांच्या भाषेत पीएमएमसी, १९७९ पासून वापरात आहे. स्नायू आणि वरची कातडी रक्तवाहिनीसकट कॉलरबोनवरून, मानेच्या कातडीखालून तोंडात फिरवतात. वाहिनी कापलीच जात नाही, त्यामुळे मायक्रोस्कोप लागत नाही. मांडीचा फ्लॅप पूर्ण सुटा काढून त्याची रोहिणी (रक्त आणणारी) आणि शीर (रक्त परत नेणारी) मानेतल्या वाहिन्यांना केसाहून बारीक धाग्याने शिवतात. पण तिथे ऑपरेशन चांगलं होणं हे अर्धंच काम. पहिले ७२ तास, त्यातही पहिली रात्र, तासातासाला कोणीतरी तो बघायला हवा: रंग, ऊब, सुई टोचल्यावर येणारं रक्त. काळं रक्त भराभर आलं तर शीर तुंबली, काहीच आलं नाही तर रोहिणी बंद. मग काही तासांत ऑपरेशन थिएटर उघडावं लागतं. रात्री दोनला भूल देणारा आणि शिवणारा हात जिथे मिळत नाही, तिथे मांडीचा फ्लॅप म्हणजे विहिरीत पाणी नसताना संत्र्याची बाग लावणं.

छातीच्या फ्लॅपचे शत्रू साधे असतात, म्हणून कोणी बघत नाही. एका पेशंटचा फ्लॅप संध्याकाळी गुलाबी होता, पहाटे जांभळा. सगळे ऑपरेशनला दोष द्यायला तयार. निघाली ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी गळ्यात बसवलेल्या ट्यूबची, बांधायची नाडी! रात्री ड्रेसिंग बदलताना कोणीतरी ती मानेभोवती चांगली आवळली होती, नेमकी पेडिकलवरून, म्हणजे फ्लॅपला रक्त नेणाऱ्या देठावरून. नाडी कापली, ट्यूब कातडीला टाक्यांनी बसवली, मान ऑपरेशनच्या बाजूला थोडी कलती ठेवली. दुपारपर्यंत रंग परतला. कडेची बोटभर कातडी गेलीच, पण खालचा स्नायू जगला आणि त्यावर तोंडाचं अस्तर हळूहळू चढलं. कातडीखालचा बोगदाही चार बोटं सहज जातील एवढा हवा. तीन बोटांचा केला तर सूज आल्यावर तो दोन बोटांचा होतो.

तोटे आहेत. मान काही महिने फुगलेली दिसते. पाठीवर फवारणीचा पंप घेणाऱ्याला खांद्याची कमजोरी जाणवते. पुरुषांच्या छातीचे केस तोंडात वाढतात. ‘यांच्या तोंडात केस उगवून राहिले जी’ म्हणत बायका घाबऱ्याघुबऱ्या येतात. शेक (रेडिएशन) दिल्यावर ते बहुतेक गळतात. आणि शेक लागणार असेल तर तो ऑपरेशननंतर ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. फेल गेलेला मांडीचा देखणा फ्लॅप नेमका तोच वेळ खातो. तो काढल्यावर खड्डा भरायला बहुतेक वेळा कोण येतो? छातीचाच.

आता वडिलांचं. मी त्यांचा स्कॅन पाहिलेला नाही. गालाला आरपार भोक पडणार असेल तर आतून-बाहेरून दोन्हीकडे कातडी लागते, ती छातीचीच दुमडून घेता येते. जबड्याचं बाजूचं हाड जाणार असेल तरी बहुधा निभतं, जबडा त्या बाजूला थोडा सरकतो. हनुवटीचं हाड जाणार असेल तर मात्र वरचं सगळं विसरा. पायातलं फिब्युलाचं हाड लावायलाच हवं, नाहीतर खालचा ओठ लोंबतो आणि लाळ गळत राहते. अर्धी जीभ जाणार असेल तर मनगटाकडचा पातळ फ्लॅप सरस. अशा वेळी ही कामं नेहमी करणारी टीम जिथे असेल तिथे खुशाल जा.

सर्जनला दोनच गोष्टी विचारा: हाड नेमकं कुठलं जाणार, आणि फ्लॅप रात्री कोण बघणार. आणि खर्रा (तंबाखू-सुपारी) आजच बंद करा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सोडून उपयोग नाही.